माशीखाऊ झाडांचं पाणी

खरं तर ती सिस्टर नव्हतीच. ती डायलिसिस टेक्निशियन होती. ज्यांच्या किडन्यांनी हात टेकले त्यांचं रक्त मशीनमधून गाळून त्यांना परत देणं, हे तिचं काम. पण पांढरा कोट घातलेल्या बाईला पेशंट सिस्टरच म्हणणार, आणि बावीस वर्षं एकेकाला दुरुस्त करत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. शेवटी शेवटी तर नवराही तिला सिस्टरच म्हणे. आठवड्यातून तीनदा तो तिच्याच युनिटमध्ये येऊन खिडकीजवळच्या चार नंबरच्या खुर्चीत बसे, डावा हात पुढे करी आणि म्हणे, "सिस्टर, जरा बेतानं." आजूबाजूचे पेशंट हसत. नवऱ्यानं बायकोला सिस्टर म्हणावं आणि बायकोनं नवऱ्याच्या हातात जाडजूड दोन सुया टोचाव्यात, असा चार वर्षं त्यांचा संसार चालला होता.

नवरा जाऊन आता दहा आठवडे झाले होते. चार नंबरच्या खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बसायला लागले होते. त्यांना पहिल्यांदा मशीनला जोडलं त्या दिवशी सगळं युनिट तिच्याकडे चोरून बघत होतं, आता हिचा हात थरथरतो की काय म्हणून. हात थरथरला नाही. तिला काही वाटलंच नाही. दहा आठवड्यांत तिला कशाचंच काही वाटलं नव्हतं. जेवायची वेळ झाली की ती जेवत होती, झोपायची वेळ झाली की झोपत होती, आणि झोपही लागत होती, ह्याचं तिला थोडं नवल वाटे तेवढंच. शेजारीण एकदा जवळ बसून म्हणाली, "रडून घ्या हो एकदा, मोकळं वाटेल." सिस्टरनं "बरं" म्हटलं. कुणी येताना दूध आणायला सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं.

घरात तिच्याशिवाय आता चौदा झाडंच होती. साधीसुधी नव्हे, माश्या खाणारी.

नवऱ्याचा घड्याळदुरुस्तीचा धंदा. मोबाइल आल्यापासून घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं अडत नव्हतं, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ तो दुकानात रिकामा बसून असे. एका जुन्या गिऱ्हाइकानं वडिलांचं घड्याळ चालू करून दिल्याच्या आनंदात त्याला एक छोटी कुंडी भेट दिली. तिच्यात व्हीनस फ्लायट्रॅपचं रोप होतं, पानांच्या टोकाला दातेरी जबडे असलेलं. नवरा बेहद्द खूश झाला. "दुकानात मी माश्या मारतो," तो म्हणाला, "घरी आता हे मारेल." त्या एकाची दोन वर्षांत चौदा झाली. चिकट दवाचे थेंब मिरवणारं ड्रॉसेरा आलं, उंच सुरईसारख्या नळ्यांची घटपर्णी आली. डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या चिमट्यानं एकेक मेलेली मुंगी तो त्यांना भरवत बसे. सिस्टरला ती झाडं मेली कधी आवडली नाहीत. दिवसभर माणसांच्या नळ्या बघून घरी यावं तर इथंही नळ्याच, असं ती म्हणे.

ह्या झाडांची एक तऱ्हा आहे. त्यांना खत चालत नाही, चांगली माती चालत नाही, आणि नळाचं पाणी तर अजिबात चालत नाही. दलदलीत, काहीच नसलेल्या जागी वाढलेली जात ती. म्हणून तर पोटासाठी माश्या पकडायची वेळ आली त्यांच्यावर. पाण्यात थोडेसुद्धा क्षार असले की मुळं हळूहळू जळतात. त्यांना लागतं अगदी शुद्ध, नुसतं पाणी. असं पाणी विकत घ्यायचं तर परवडत नाही, पण सिस्टरच्या युनिटमध्ये ते हौदभर होतं, कारण डायलिसिसलाही तसंच पाणी लागतं. ती दर दोन-तीन दिवसांनी पाच लिटरचा कॅन भरून घरी आणी. झाडांच्या कुंड्या ट्रेमध्ये ठेवलेल्या असत आणि ट्रे कायम पाण्यानं भरलेले. नवऱ्याला मात्र दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी प्यायची बंदी होती. खुणा केलेली बाटली घेऊन तो गॅलरीत बसे, घोट घोट पुरवून पिई, आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडांकडे बघे. "मजा आहे लेकांची," एवढंच म्हणे.

त्या झाडांचं वेड त्याच्याखेरीज फक्त लेकीला होतं. लेक सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात राहायची आणि एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. लहानपणी तिच्या तोंडाला खळ नसे, म्हणून घड्याळजी बापानं तिचं नाव टिकटिक ठेवलं होतं. मोठेपणीही बाप-लेक फोनवर तासतासभर झाडांबद्दल बोलत. तिची किडनी त्याला जुळत होती. ती द्यायचीच म्हणून ती हट्टाला पेटली होती. तो दरवेळी विषय बदली.

आता टिकटिक दहा आठवडे आईशी बोलली नव्हती.

त्याचं कारण असं. नवऱ्यानं एका सोमवारी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं होतं, "आजपासून मी युनिटला येणार नाही. पुरे झालं." सिस्टरनं वाद घातला नाही. असं म्हणणारे पेशंट तिनं पाहिले होते, आणि ते का म्हणतात हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. मशीन थांबवल्यावर माणूस आठ-दहा दिवस काढतो. त्यानं नऊ काढले. लेकीला फोन गेला तो आठव्या दिवशी. ती धावतपळत पोहोचली तेव्हा बाप बोलण्यापलीकडे गेला होता. "मला आधी का नाही कळवलंस?" तिनं विचारलं. सिस्टर म्हणाली, "त्यांनीच नको म्हटलं होतं."

सगळं उरकल्यावर बॅग उचलताना लेक दारात थांबली. "बाबांनीच नको म्हटलं म्हणून मी गप्प बसते," ती म्हणाली. "तू आपल्या मनानं केलं असतंस ना, तर पुन्हा तुझं तोंड पाहिलं नसतं."

नवऱ्यानं नको म्हटलं नव्हतं. हे घरात एकट्या सिस्टरला माहीत होतं.

आणि मग एका बुधवारी लेकीचा मेसेज आला. ह्या नाही, पुढच्या रविवारी येते. झाडं न्यायला. तोवर पाणी घाल. तीन वाक्यं, आई म्हणून हाक नाही की काही नाही. सिस्टरनं तो तीनदा वाचला. लेक येणार होती ती झाडांसाठी, आईसाठी नव्हे, एवढं न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण झाडं धड असली तर ती निदान उंबऱ्याच्या आत येईल, घटकाभर बसेल, कदाचित ह्याला काय घालत होतीस, त्याला किती ऊन देत होतीस असं काहीबाही विचारेल. सिस्टर उत्तरं देईल. झाडं नसली तर येण्याचं कारणच संपलं. म्हणून तिनं झाडांची काळजी घ्यायचं ठरवलं, आणि काळजी घेणं हे एक काम तिला आजवर कधी जड गेलं नव्हतं.

युनिटमध्ये पाण्याखेरीज आणखी एक द्रव लागतो, बायकार्ब. सोड्याच्या जातीची पूड शुद्ध पाण्यात कालवून ती रोज कॅनमध्ये तयार करायची आणि मशीनला लावायची. त्या कॅनला निळी झाकणं असतात. सिस्टर घरी पाणी न्यायची तो कॅनही जुना बायकार्बचाच होता, स्वच्छ धुऊन घेतलेला, निळ्याच झाकणाचा. त्यावर नवऱ्यानं आपल्या बारीक अक्षरात 'घर' असं लिहून चिठ्ठी चिकटवली होती. ती चिठ्ठी कधीतरी भिजून निघून गेली असावी. शुक्रवारी संध्याकाळी निघताना सिस्टरनं बाकावरचा निळ्या झाकणाचा, भरलेला कॅन उचलला आणि घरी नेला.

बावीस वर्षांत तिनं कधी चुकीचा कॅन उचलला नव्हता. नव्या मुलींना शिकवताना ती सांगायची, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मीटर लावा. पाण्याचे क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर तिच्या पर्समध्ये कायम असे. पण घरच्या झाडांना पाणी घालताना कोण मीटर लावतो?

शनिवारपासून रोज सकाळी तिनं प्रत्येक ट्रेमध्ये मोजून पेलाभर ओतलं. सोमवारी फ्लायट्रॅपचे चार जबडे काळे पडलेले दिसले. थंडी सुरू झाली की फ्लायट्रॅप काळवंडतो, मेल्यासारखा दिसतो, पण तो नुसता झोपलेला असतो, हे नवऱ्यानं तिला दोन वर्षं सांगितलं होतं. दोन्ही वर्षी तिनं तो टाकून द्यायला काढला होता आणि दोन्ही वर्षी तो तिच्यावर हसला होता. ह्या वेळी तिनं शहाणपणानं कानाडोळा केला. झोपला असेल, असं म्हणून आणखी पेलाभर पाणी घातलं.

बुधवार तिच्या सुट्टीचा. दुपारी अडीचच्या सुमाराला ऊन तिरपं होऊन गॅलरीत आलं तेव्हा ती वाळलेले कपडे काढायला गेली, आणि तिचं लक्ष ड्रॉसेराकडे गेलं. त्याच्या पानांवरच्या केसांवर एकही थेंब नव्हता. फ्लायट्रॅप झोपतो, पण हे ड्रॉसेरा झोपणाऱ्यातलं नव्हतं. ते बारा महिने उन्हात चमचमत असे. आता ते चुरगळलेल्या लोकरीगत पडलं होतं. मग तिला ट्रेच्या काठावर पांढरी रेघ दिसली. मातीच्या वरही तसाच पांढरा थर होता, पिठूळ, बोटाला लागणारा. ही पूड ती बावीस वर्षं रोज मशीनवरून पुसत आली होती. तिनं बोट जिभेला लावलं. मग पर्समधून मीटर आणून ट्रेमध्ये बुडवलं. आकडा उमटेचना. तेवढा मोठा आकडा त्याला दाखवता येत नव्हता, नुसती आडवी रेघ आली.

पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. तिनं कपडे घडी करून कपाटात ठेवले, पर्स घेतली, कॅन घेतला आणि युनिटला गेली. शुद्ध पाण्याच्या नळाखाली चार कॅन भरले, चारही कॅनना मीटर लावलं, आणि भाड्याची गाडी करून घरी आली. मग ट्रे रिकामे केले, कुंड्या न्हाणीघरात ओळीनं मांडल्या आणि एकेकीत वरून पाणी घालायला लागली. वरून शुद्ध पाणी घालायचं, खालून खारं पाणी गळू द्यायचं, गळलेल्या पाण्याला मीटर लावायचं, आकडा वहीत लिहायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा. काम तिच्या हातचं होतं. घाईनं क्षार काढले तर झाडाला धक्का बसेल, माणसालाही बसतो, म्हणून तिनं डायलिसिसला लागतात तसा चार तासांचा बेत केला. स्टूल ओढून ती न्हाणीघराच्या दारात बसली.

तासाभरानं मीटरवर पहिल्यांदा आकडा उमटला. तिला लेकीला फोन करावासा वाटला. मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. आत्ताच काय सांगायचं, आधी काय होतंय ते तरी बघू, असं तिनं मनाशी म्हटलं.

आणि ते वाक्य तिला ओळखीचं वाटलं. लेकीला फोन करेपर्यंत त्या आठवड्यात रोज सकाळी तिनं हेच वाक्य म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं विचारलं होतं, "टिकटिकला कळवलंस का?" ती म्हणाली, "कळवते." दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "कळवलंय, सुट्टी मिळाली की निघते म्हणाली." हे धडधडीत खोटं होतं. लेकीनं ऐकलं असतं तर ती त्याच दिवशी आली असती, रडली असती, किडनीचा विषय काढला असता, आणि तो विरघळला असता. लेकीपुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं. बरं, ऑपरेशन होईपर्यंत जातो बापडा युनिटला, असं म्हणाला असता. आणि पुन्हा चार नंबरच्या खुर्चीत बसून त्यानं डावा हात पुढे केला असता. त्या हातावर आता सुई घालायला धड जागा उरली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या हातून तो टोचून घेत नसे. चार वर्षांत तिनं त्याला बाराशेहून जास्त वेळा टोचलं होतं, आणि आणखी एकदा टोचणं तिला जमणार नव्हतं. त्याला सुटू द्यावं म्हणून तिनं लेकीला कळवलं नाही, असं ती स्वतःला सांगायची. ते खरंही होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं एवढंच की तिला स्वतःला सुटायचं होतं.

तिनं फोन लावला. दुसऱ्या रिंगला लेकीनं उचलला.

"रविवारचं काही बदललं का?" लेकीचा आवाज ऑफिसातल्यासारखा होता.

"नाही. झाडं मरायला लागलीत. माझ्या हातून झालं. पाण्याऐवजी बायकार्ब घातलं गेलं."

"किती दिवस?"

"पाच."

"कळलं कधी?"

"आज अडीचला. मग युनिटमधून पाणी आणलं. आता धुतेय."

"म्हणजे आजच कळलं आणि आजच सांगतेयस?"

"हो. जगतील की नाही ते मला माहीत नाही. म्हणून आत्ताच सांगते."

"ट्रेमध्ये पाणी साठू देऊ नकोस. वरून घालत राहा."

"घालतेय. अजून तीन तास घालीन."

"तीनच का?"

"चार तासांचं असतं ना ते."

लेक हसल्यासारखी झाली की नाही, ते फोनवर कळलं नाही. "मी सकाळच्या गाडीनं निघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी सिस्टरनं रजा टाकली. दुपारी बाराला लेक आली, पाठीवर पिशवी आणि हातात नव्या पीटचं पोतं. पीट म्हणजे दलदलीतल्या शेवाळाची भुसभुशीत माती, ह्या झाडांना चालते ती. ती सरळ न्हाणीघरात गेली. पाणी पिऊन घे, असं सिस्टर म्हणेपर्यंत तिनं बाह्या दुमडल्याही होत्या. एकेक कुंडी उचलून, नाकाजवळ धरून तिनं चौदा कुंड्या तपासल्या आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

"ड्रॉसेरा गेली सगळी," ती म्हणाली. "घटपर्णी दोन राहतील. फ्लायट्रॅपचा खालचा कंद पांढरा असला तर आशा आहे. माती बदलावी लागेल सगळ्यांची. टब आण."

सिस्टरनं टब आणला. दोघी समोरासमोर फरशीवर बसल्या. लेक झाड मुळासकट मोकळं करी, जुनी माती झटकी आणि आईच्या हातात देई. सिस्टर ते टबातल्या पाण्यात धुई, कुजलेली मुळं कात्रीनं कापी आणि परत देई. लेक नव्या मातीत लावी. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. तासभर असं चाललं. मधे एकदा लेक म्हणाली, "हात चांगला चालतो तुझा," आणि सिस्टर म्हणाली, "रोजचंच आहे."

सहावी कुंडी झाल्यावर लेकीनं हात थांबवला. "मी तुला फार बोलले त्या दिवशी," ती म्हणाली.

"असू दे."

"नाही, ऐक. काल तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. तू लपवणारी नाहीसच. झाडं मारलीस तेही त्याच दिवशी सांगितलंस. बाबांनीच तुला बांधून घातलं असणार, आणि मी सगळा राग तुझ्यावर काढला. मला त्यांचा इतका राग येतो, आई. शेवटचं भेटूसुद्धा दिलं नाही त्यांनी. दोन महिने मी त्यांचा फोटो पालथा घालून ठेवलाय."

दहा आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून आई हा शब्द आला होता. सिस्टरच्या हातात फ्लायट्रॅप होता, उघड्या मुळांचा, तीन बोटांएवढा. आता तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली की लेक परत मिळत होती. दिवाळखोर बापाच्या नावानं पोरांनी खापर फोडावं तसं सगळं नवऱ्याच्या नावावर जात होतं, आणि त्याची काही तक्रार येणार नव्हती. लेक रात्री राहिली असती, जेवली असती, पुढच्या महिन्यात पुन्हा आली असती. हे सगळं तिला स्वच्छ दिसलं, युनिटमध्ये मशीनवरचे आकडे दिसतात तसं. आनंद मात्र झाला नाही. पालथा घातलेला फोटो तेवढा दिसत राहिला.

"त्यांनी नको म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

लेकीनं वर बघितलं.

"ते रोज विचारायचे, टिकटिकला कळवलंस का. मी सांगायचे, कळवलंय, येतेय. मी कळवलंच नव्हतं. तू आली असतीस तर ते परत मशीनवर आले असते. मला आणखी सुई घालायची नव्हती. माझ्याच्यानं होत नव्हतं. त्यांचं नाव मी खोटंच घेतलं."

लेकीच्या बोटांना काळी माती लागली होती, ती तशीच गुडघ्यावर राहिली. बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं. दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला.

"किती दिवस विचारलं?" लेकीनं शेवटी विचारलं.

"पाच."

"मग?"

"सहाव्या दिवशी त्यांना माणसं ओळखू येईनात. रक्तात घाण साचली की होतं तसं. दुपारी मी तोंड पुसायला गेले तर माझा हात धरला. त्यांना मी तू वाटले. टिकटिक, आलीस का, म्हणाले."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आले, बाबा."

हे तिनं युनिटमध्ये पेशंटचं वजन सांगावं तशा सुरात सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं हातातला फ्लायट्रॅप टबात धरला आणि धुवायला लागली. तो आधीच धुऊन झालेला होता. आता लेक उठेल, पिशवी घेईल आणि जाईल, ह्याची ती वाट बघत होती. रोखायचं नाही, असं तिनं ठरवलंही होतं.

लेक उठली नाही. "मग काय झालं?" तिनं विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"मग काही नाही. हसले. झोपले. त्यानंतर बोलले नाहीत."

लेकीनं तोंडावर मनगट दाबलं. सिस्टरकडे तिनं बघितलं नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर माफी वगैरे काही नव्हतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "बाकीचं नको. तेवढंच सांग."

सिस्टरनं झाड टबाच्या काठावर ठेवलं. "दुपारची वेळ होती," ती म्हणाली. "मी तोंड पुसायला गेले. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, टिकटिक, आलीस का."

पुढचं तिला म्हणता येईना. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिलाही थांबवता येईना.

लेक खाली फरशीकडे बघत होती.

"आले, बाबा," ती म्हणाली.